पातळ हाताचं फिनिशिंग

मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात जो रंग चढतो, त्याचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 मायक्रॉन भरते. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. छत्रपती संभाजीनगरात हे फार समजावून सांगावं लागत नाही. वाळूजला 1985 पासून बजाजच्या गाड्या बाहेर पडताहेत, पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, आणि या दोन टोकांच्या मधल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी पेंट शॉपमध्ये काम केलेलं आहे. सुकलेल्या थराची जाडी किती आली, हा प्रश्न त्याने शिफ्टमध्ये रोज ऐकलेला असतो. आता तोच मिलिमीटरचा दहावा भाग 1/72 मापाच्या प्लॅस्टिकच्या विमानावर चढवून पाहा. 72 ने गुणलं की 7.2 मिलिमीटर होतात. खऱ्या विमानावर पाऊण सेंटिमीटर जाडीचा लेप थापला, तर त्याचे रिव्हेट, पत्र्यांचे जोड, झाकणांच्या कडा यांतलं काय शिल्लक राहील?

मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. आकार बरोबर असतो, जोडणी नेटकी असते, रंगाची छटासुद्धा पुस्तकातल्या फोटोशी जुळलेली असते. तरीही डोळा लगेच ओळखतो की ही वस्तू हातभर लांबीची आहे, कारण रंगाची साय मापात नाही. कुंचल्याने काढलेल्या रंगाला केसांच्या रेघा राहतात, कडेला रंग साचतो, आणि एक हात झाकायला दुसरा, दुसरा झाकायला तिसरा द्यावा लागतो. एअरब्रश हे सगळं टाळतो. तो रंगाचे बारीक थेंब हवेवर उडवून पृष्ठभागावर बसवतो आणि प्रत्येक हात इतका पातळ ठेवतो की प्लॅस्टिकवर कोरलेली केसाएवढी रेघ बुजत नाही. मापात तंतोतंत बसणारा थर त्यानेही मिळत नाही, पण डोळ्याची खात्री पटेल इतका पातळ थर नक्की मिळतो.

एअरब्रशची रचना साधी आहे. पेनाएवढी धातूची नळी, तिच्या आत लांब सुई, सुईच्या टोकाला शंकूसारखं नॉझल. सुई पुढे दाबलेली असते तेव्हा नॉझल बंद असतं. नॉझलभोवतीच्या फटीतून हवा वेगाने बाहेर पडते, त्यामुळे टोकाशी दाब कमी होतो, रंग पुढे ओढला जातो आणि हवेच्या झोताने फुटून त्याचे कण होतात. सिंगल ॲक्शनच्या ब्रशमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग एकदम सुटतात, रंग किती सुटावा हे आधीच स्क्रूने ठरवलेलं असतं. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की फक्त हवा, आणि मागे ओढाल तितका रंग. सुरुवात करणाऱ्याला पहिला प्रकार सोपा वाटतो. तरी माझं मत असं की पहिलाच ब्रश डबल ॲक्शनचा घ्यावा. बोटाला एक सवय लावून मग ती मोडण्यात जितका वेळ जातो, त्याहून कमी वेळात दुसरी सवय थेट लागते.

गॅरेजमधल्या स्प्रे गनचं नॉझल 1.3 किंवा 1.4 मिलिमीटरचं असतं. मॉडेलसाठी 0.3 मिलिमीटर पुरतं. 0.2 चं नॉझल बारीक रेघांसाठी छान, पण रंगात जरा कण राहिला की तुंबतं, म्हणून ते नंतर. प्राइमर आणि वार्निशसाठी 0.5 सोयीचं. रंगाची वाटी वर असलेला ग्रॅव्हिटी फीडचा ब्रश घ्यावा. त्यात रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, कमी दाबावर काम होतं आणि दहा-बारा थेंब रंगातसुद्धा पंख रंगून होतो.

हे यंत्र मॉडेलवाल्यांसाठी जन्मलंच नव्हतं. अमेरिकेत 1870 च्या दशकात ॲबनर पीलरने त्याचा पहिला अवतार बनवला आणि 1890 च्या दशकात चार्ल्स बर्डिकने त्याला आजच्या जवळचं रूप दिलं. त्याचा मोठा धंदा होता फोटो सुधारण्याचा: चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, पार्श्वभूमी मऊ करायची. मराठी घरांत या तंत्राची करामत कित्येक वर्षं भिंतीवर टांगलेली होती, फक्त तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. गोव्यात जन्मलेले चित्रकार रघुवीर मुळगावकर यांनी कॅलेंडरांवरची देवदेवतांची चित्रं आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं केली, त्यांत स्प्रेचा वापर केला. 1976 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातल्या लक्ष्मीच्या गालावर उजेडाकडून सावलीकडे जाताना रंग कुठे बदलतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. विमानाच्या पोटाखाली फिक्या करड्यातून गडद करड्याकडे जाताना आपल्याला हवं असतं ते हेच. जुनी कॅलेंडरं कुठे पाहायला मिळाली, तर शिकणाऱ्याने भिंगातून ती जरूर पाहावीत.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. टाकी असलेला, तेल न लागणारा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या, त्याला दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप असायला हवा. टाकी तीन लिटरची असली तरी चालते. तिच्यामुळे हवेचे धक्के जिरतात आणि मोटर सतत चालत नाही. केकवाल्या ताई आणि नेल आर्टवाले हल्ली बॅटरीवर चालणारा चिमुकला कॉम्प्रेसर वापरतात. त्यावर सराव होतो, पण दाब स्थिर राहत नाही आणि रेग्युलेटरही बहुधा नसतो. मॉडेलचं बरंचसं काम 15 ते 20 पीएसआय दाबावर होतं. ओळखीच्या गॅरेजचा मोठा कॉम्प्रेसर मिळत असेल तर तोही चालेल, मात्र मध्ये चांगला रेग्युलेटर आणि फिल्टर लावूनच.

रंगांचं दुकान हा खरा गोंधळाचा भाग आहे. मॉडेलसाठी बनवलेले रंग तीन घराण्यांचे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, उदाहरणार्थ वायेहो. अल्कोहोलच्या पातळकाने मोकळे होणारे ॲक्रिलिक, उदाहरणार्थ तामिया. आणि कडक वासाचे लॅकर, उदाहरणार्थ मिस्टर कलर. जुन्या लोकांच्या आठवणीतले हम्ब्रॉलचे छोटे डबे एनॅमलचे, ते सावकाश सुकतात. आपल्याकडे औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत सहज मिळतात ते कॅमल आणि फेविक्रिलचे ॲक्रिलिक. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनच्या रंगांनी महाराष्ट्रातली बहुतेक मुलं रंगवायला शिकली, आणि हे रंग कागद-कॅनव्हाससाठी उत्तमच आहेत. पण त्यांचं रंगद्रव्य मॉडेलच्या रंगांइतकं बारीक दळलेलं नसतं आणि नुसत्या प्लॅस्टिकवर ते धरत नाहीत, नखाने सोलून निघतात. त्यांनी सराव करा. मॉडेलवर त्यांचा वापर करायचाच असेल तर रंग पातळ करून नायलॉनच्या मोज्यातून गाळा, खाली प्राइमर द्या आणि 0.5 चं नॉझल लावा. याच कंपन्यांचे तैलरंग मात्र पुढे एका कामात फार उपयोगी पडतात, ते येईलच.

मोहात पाडणारी दुसरी गोष्ट म्हणजे मोटारीच्या रंगाच्या दुकानातला एनसी थिनर. स्वस्त असतो, कुठेही मिळतो, आणि मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, सरळ विरघळवतो. एनसी रंग जाड ओला बसला की पंखावरच्या रेघा डोळ्यांदेखत मऊ पडतात. त्याने एअरब्रश धुवावा, मॉडेलला लावू नये. टू-के म्हणून मिळणारं पीयू क्लिअर तर घरात उडवूच नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना घातक आहेत आणि साध्या मास्कने अडत नाहीत. कारखान्यात हे काम बंद बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून होतं ते उगाच नाही. साध्या लॅकरलाही कार्बनची डबी असलेला मास्क लागतो, कारण एन-95 धूळ अडवतो पण वाफ अडवत नाही. खिडकीत एक्झॉस्ट पंखा लावा, पेटता गॅस किंवा देवापुढचा दिवा त्या खोलीत नको. ॲक्रिलिकला वास येत नाही म्हणून त्याचे कण छातीत गेलेले चालतात असंही नाही. मास्क दर वेळी.

रंग किती पातळ करायचा, याचं जगभर एकच उत्तर दिलं जातं: दुधाइतका. वाटीच्या कडेला तो लावून पाहा. खाली ओघळताना मागे पातळ पडदा राहिला आणि हळूहळू विरला, म्हणजे जमलं. पाण्याचे ॲक्रिलिक असतील तर नळाचं किंवा बोअरचं जड पाणी घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार रंगात गुठळ्या करतात आणि सुईच्या टोकाला बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं, ते वापरा. त्याहून चांगलं म्हणजे त्या-त्या कंपनीचं थिनर.

परदेशी पुस्तकांत इथवरचं सगळं सापडतं. जे सापडत नाही ते म्हणजे मराठवाड्याची हवा. तिथल्या लेखकाची खोली वीस-बावीस अंशांची असते. आपल्याकडे मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि हवेत ओल जवळजवळ नसते. थेंब जितका लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि तितका तो लवकर सुकतो. एअरब्रशचे थेंब अतिसूक्ष्म असल्याने नॉझलपासून पंखापर्यंतच्या दहा-बारा सेंटिमीटरच्या वाटेतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभागावर पसरण्याऐवजी पावडरीसारखे चिकटतात. हात फिरवला की बारीक पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं लागतं. सुईच्या टोकावरही रंग सुकतो, फवारा तिरका होतो, मग अचानक एक मोठा ठिपका उडतो. शिकणारा मुलगा अशा वेळी दाब वाढवतो, आणि जास्त हवेने रंग आणखी लवकर सुकतो. करायचं उलट असतं. दाब कमी करा, ब्रश पाच-सहा सेंटिमीटरवर आणा, रंगात सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन-तीन थेंब घाला, आणि काम सकाळी लवकर उरका. सुईचं टोक मधूनमधून थिनरने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसत राहा.

कूलरचं काय? खोलीत कूलर थोडा वेळ चालवून ओल वाढवली तर ॲक्रिलिक रंगांना फायदा होतो, हे खरं. पण फवारताना तो बंद करा. त्याचा झोत रंगाचा कण हवा तिथे बसू देत नाही आणि गवताच्या पॅडमधली धूळ थेट ओल्या रंगावर आणून टाकतो. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतही साचते. कपड्याने घासून पुसलं की उलट जास्त धूळ ओढली जाते. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावं आणि फरशीवर आधी पाण्याचा सडा मारावा.

जूननंतर अडचणी पालटतात. दमट हवा दाबली आणि थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत बसते. ते पाणी नळीतून आलं तर रंगात फुटक्या वर्तुळांसारखे डाग पडतात. म्हणून टाकीच्या तळाचा नॉब प्रत्येक बैठकीनंतर सोडायचा. लॅकरला पावसाळ्यात आणखी एक रोग जडतो: त्यातलं द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करतं, तिथे हवेतली ओल जमते आणि चकचकीत थरावर पांढुरकी झाक येते. गॅरेजमधले पेंटर भर पावसात काम थांबवतात ते यासाठीच. आपणही थांबावं, किंवा सावकाश सुकणारं थिनर घ्यावं. माझ्या मते इथे एअरब्रश हाती घ्यायचा उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. पहिलेच प्रयत्न मेमध्ये झाले, तर दोष हवेचा असून शिकणारा तो स्वतःच्या हाताला देतो आणि ब्रश माळ्यावर जातो. तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते रंगाच्या आधी येतं. पेंट शॉपमध्ये माणसं, टाक्या आणि वेळ यांचा मोठा वाटा रंगापूर्वीच्या तयारीवर खर्च होतो: पत्रा धुणं, त्यावर रासायनिक थर चढवणं, मग प्राइमर. डेंटिंग-पेंटिंगचा कारागीरही दिवसातला बराच वेळ लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्यात आणि घासण्यात घालवतो, गन हातात असते ती थोडा वेळ. शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठ्यात हाच क्रम दीड हजार वर्षांपूर्वी पाळला गेला. लेण्यांच्या भिंती छिन्नीने खडबडीत ठेवल्या, त्यावर वनस्पतींचे तंतू आणि भाताची तुसं मिसळलेला मातीचा गिलावा दिला, त्यावर पांढरा पातळ थर घोटला, मग रेखाटन आणि शेवटी रंग. आज तिथे जिथे चित्र गेलं आहे, तिथे बऱ्याचदा नुसता रंग उडालेला नाही, खालचा गिलावा सुटला आहे. पाया धरून राहिला तिथे रंगही राहिला.

प्लॅस्टिकच्या विमानात पाया असा घालतात. सुटे भाग अजून चौकटीला जोडलेले असतानाच कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडने धुवा, कारण साच्यातून निघताना त्यांच्यावर तेलकट अंश राहतो आणि रंग त्यावर धरत नाही. धड दोन अर्ध्या भागांत येतं. ते जोडल्यावर पाठीवर आणि पोटावर सांधा दिसतो, आणि खऱ्या विमानाला तिथे सांधा नसतो. मॉडेलची लांबी भरा, सुकू द्या, 400 नंबरच्या वॉटर पेपरपासून 600, 1000 असं पाण्यात घासत 1500 पर्यंत या. कॉकपिटची काच फेविक्विकने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. साधं फेविकॉल लावा, सुकल्यावर ते पारदर्शक होतं. मग काचेच्या चौकटीखेरीजचा भाग मास्किंग टेपने झाका. यानंतर करड्या प्राइमरचा हात. प्राइमर रंगाला पकड देतो, पण त्याचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं: एकसारख्या करड्या रंगात प्रत्येक ओरखडा, प्रत्येक अर्धवट सांधा उघडा पडतो. तो दिसला की पुन्हा लांबी, पुन्हा पेपर, पुन्हा प्राइमर. इथे जो थकत नाही, त्याला पुढचं काम सोपं जातं.

हाताला वळण कागदावर लावा. वर्तमानपत्रावर आधी ठिपके, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा, मग फिक्यातून गडदाकडे जाणारी पट्टी. हवा आधी सुरू करायची, रंग मग सोडायचा. थांबताना रंग आधी, हवा शेवटी. फवारा पंखाच्या बाहेर सुरू होऊन पंखाच्या बाहेरच संपला पाहिजे, म्हणजे कडेला रंग साचून रन येत नाही. पहिला हात इतका अर्धवट द्या की प्राइमर दिसत राहील. दुसऱ्या-तिसऱ्या हातात रंग भरतो.

विमान कोणतं घ्यावं? सरावाला 1/72 चं एखादं स्वस्त स्पिटफायर चांगलं. एअरफिक्सने 1953 मध्ये स्पिटफायरपासूनच विमानांचे संच काढायला सुरुवात केली, आणि ही विमानं भारतीय हवाई दलातही होती. पण त्यानंतर मराठी माणसाने मिग-21 करावं, असं मी आग्रहाने म्हणेन. 1963 मध्ये ते हवाई दलात आलं, 1964 मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना त्याच्यासाठीच उभा राहिला, आणि एफएल, एम, बिस अशा एकामागून एक आवृत्त्या तिथून बाहेर पडल्या. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. संभाजीनगरहून चार तासांच्या आत-बाहेरच्या रस्त्यावर शेकडो मिग-21 घडले, ही आपल्या भागातली गोष्ट आहे, आणि मॉडेल करणाऱ्याने ती हाताने समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, 1/72 ला तो 10 सेंटिमीटरच्या जरा आत येतो, 1/48 ला 15 च्या जवळ. एडुअर्ड या झेक कंपनीचे याचे संच तपशिलाला फार चांगले आहेत. नवशिक्याने मात्र साधा संच घ्यावा.

रंगाच्या दृष्टीने भारतीय मिग-21 म्हणजे अभ्यासाची खाणच. सुरुवातीची विमानं उघड्या धातूची, चकाकती होती. 1971 च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर स्क्वाड्रनच्या पातळीवर हिरव्या-तपकिरी छटांची सरमिसळ चढवली गेली, आणि एका तुकडीचा नमुना दुसरीशी जुळत नाही. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ल्याला 28 स्क्वाड्रनची जी मिग-21 गेली, ती याच काळातली. म्हणून या काळातलं विमान करताना डबीवरचा नंबर शोधण्यापेक्षा एकाच विमानाचे जितके फोटो मिळतील तितके पाहावेत. छलावरणाच्या दोन रंगांची कड धारदार आहे की विरलेली, हे त्यात दिसतं. धारदार असेल तर मास्किंग टेप. विरलेली असेल तर चिकणमातीसारख्या मऊ पुट्टीच्या वळ्या कडेने ठेवून त्यांच्यावरून सरळ खाली फवारा मारायचा; वळीच्या गोलाईखाली थोडासा रंग शिरतो आणि कड आपोआप मऊ होते. फिका रंग आधी, गडद नंतर. आणि दोन्ही रंगांत थोडा पांढरा किंवा फिका करडा मिसळा. खरं विमान आपण लांबून पाहतो, मधल्या हवेने त्याचा रंग निवळलेला असतो. टेबलावरच्या विमानाला ती हवा आपल्याला रंगातच मिसळून द्यावी लागते.

रंग सुकला की मन अधीर होतं आणि चक्र, नंबर चिकटवावेसे वाटतात. थांबा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा असतो. त्यावर डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील खूण, ठेवलं तर खड्ड्यांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात, एक रात्र विसावा. मग डेकल पंधरा-वीस सेकंद पाण्यात, कागदावरून सरकवून जागेवर, खाली-वर डेकल मऊ करणारं सेटिंगचं द्रावण. थोड्या वेळाने ते रिव्हेटच्या खड्ड्यांत उतरून बसतं आणि रंगवल्यासारखं दिसू लागतं. भारतीय चक्रात हिरवा आत, केशरी बाहेर. संच परदेशी असला आणि चक्रं निराळी असली, तर भारतीय खुणांचे डेकल वेगळे मागवावे लागतात.

कॅमलचे तैलरंग आता बाहेर काढा. काळा आणि कच्चा अंबर यांचा मिरीएवढा थेंब हार्डवेअरच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये ढवळून गढूळ पाणी करा आणि बारीक कुंचल्याने पॅनेलच्या रेघेला नुसतं टोक लावा. द्रव रेघेतून आपणच धावत जातो. अर्ध्या तासाने उरलेला डाग कापडाने वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, पुसून घ्या. तैलरंग ॲक्रिलिकच्या ग्लॉसला धक्का लावत नाही, म्हणून चूक पुसता येते. मग शेवटचा हात मॅट किंवा सॅटिन वार्निशचा. धूर, ओघळ, खरचटलेला रंग यांत संयम ठेवा. हवाई दलाचं विमान झिजलेलं असतं, पण ते रोज पुसलंही जातं.

काम झालं की एअरब्रश त्याच घडीला धुवायचा. वाटीत थिनर, फवारा स्वच्छ येईपर्यंत. मग सुई मागून काढून पुसायची, मागूनच परत बसवायची. टोक फरशीवर पडून वाकलं तर फवारा कायमचा तिरका होतो, आणि नवी सुई बाहेरून मागवावी लागते.

दुसरं किंवा तिसरं मॉडेल 1960 च्या दशकातल्या चकाकत्या मिग-21 चं करा, आणि ते पहिलं करू नका. धातूच्या रंगाखाली काळा चकचकीत बेस लागतो आणि तो आरशासारखा हवा, कारण त्यावर बसणारा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की तो काही लपवत नाही, उलट प्रत्येक ओरखडा मोठा करून दाखवतो. 1500 नंतर 2000 चा पेपर, मग पॉलिश, मग काळा रंग पातळ हातांनी, पूर्ण सुकायला एक-दोन दिवस, आणि मग 12 ते 15 पीएसआयवर धातूचा रंग, लांबून, हलका. पॅनेलगणिक थोडी निराळी छटा दिली की पत्रे वेगळे दिसू लागतात. इंजिनाजवळचे पत्रे उष्णतेने काळवंडलेले, किंचित निळसर तपकिरी. अशा विमानावर मॅट वार्निश देऊ नये, त्याने धातू मेलेला दिसतो. डेकलवरून फक्त डेकलपुरता ग्लॉसचा पातळ हात पुरे.